साखरेचा अंगरखा

या, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकायचं असेल त्यांनी टेकावं, सुपारी कातरायची असेल त्यांनी कातरावी, पण कान मात्र इकडे असू द्या. आज एक गोष्ट सांगतो. तिच्यात एक कीर्तनकार आहे, दुधाचा एक पेला आहे, आणि नारायणानेच निर्माण केलेले, पण डोळ्यांना न दिसणारे काही अब्ज जीव आहेत. गोष्ट संपल्यावर मी एक मागणं मागणार आहे. जड नाही, सहज उचलता येईल एवढंच.

साल दोन हजार एक्केचाळीस. लांज्याच्या दत्तमंदिरात नरहरबुवा आठल्ये दर गुरुवारी दुपारी चार वाजता कीर्तन करायचे. बुवांचं वय बासष्ट, फेटा केशरी, आवाज अजून देवळाच्या घंटेसारखा, आणि श्रोते सात. त्या सातांतले दोघं राजापूरची बस येईपर्यंतच बसायचे. एक जण कानातलं यंत्र काढून खिशात ठेवायचा आणि मग निवांत डोळे मिटायचा. बुवा म्हणायचे, "देव ऐकतोय ना, मग झालं." पण हे म्हणताना त्यांची नजर दाराकडे असायची.

सातांपैकी सहांबद्दल बुवांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती सातव्या श्रोत्याबद्दल.

आनंदीबाई रेडीज, वय शहात्तर. चाळीस वर्षं यांनी बाजारपेठेत पिठाची गिरण चालवली, म्हणून साऱ्या गावाला त्या गिरणकाकी. पट्ट्याच्या खडखडाटावरून गिऱ्हाइकांशी बोलून बोलून काकींचा आवाज जेवढा वाढला, तेवढेच कान मंद झाले. डाव्या खांबाशी मांडी घालून त्या बुवांच्या प्रत्येक ओळीत आपली ओळ मिसळायच्या. बुवा पेटीच्या काळी चार पट्टीत गायचे. काकी त्या दिवशी जिथे सूर सापडेल तिथे.

"वसंता, काहीतरी सांग रे त्यांना," बुवा पेटीवाल्या वसंत गुरवाला म्हणायचे.

"काय सांगू? तुम्ही काळी चार धरता, मी काळी चार धरतो, काकी थेट परमेश्वराला धरतात."

पण काकींना दूर करणं सोपं नव्हतं, कारण मध्यंतराचं दूध त्यांचं. पूर्वरंग संपला, बुवांना हार-बुक्का झाला, की काकी घरून आणलेलं वेलदोड्याचं कोमट दूध पेल्यात ओतून पुढे करायच्या. बुवा अर्धा पेला पीत, अर्धा परत देत. पोट जड झालं की उत्तररंग ओढला जात नाही, ही त्यांच्या गुरूंची शिकवण. काकी उरलेला पेला पदराखाली झाकून खांबाशी जाऊन बसायच्या. ही त्यांची अकरा वर्षांची सेवा.

आता बुवांची मुलगी ऋजुता. रत्नागिरीच्या एका संशोधन केंद्रात ती जंतुशास्त्रज्ञ होती आणि रोज लांज्याहून जाऊन येऊन करायची. ज्येष्ठात एका सकाळी ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "बाबा, मला तुमचा घसा हवाय."

"कापून?"

"वापरायला."

मागचे दोन हिवाळे छातीचा एक ताप कोकणात फिरत होता. असलेली सगळी औषधं त्याने पचवली होती. लस होती, पण ती बर्फात ठेवावी लागे, तीनदा टोचावी लागे, आणि तिसऱ्या वेळेला लोक फिरकत नसत.

"तो जंतू साखरेचा अंगरखा घालून फिरतो," ऋजुता सांगू लागली. "आपल्या रक्तातल्या पहारेकऱ्यांना तो अंगरखा ओळखू येत नाही, म्हणून चोर आत शिरतो. आम्ही घशात राहणारा एक गरीब, निरुपद्रवी जंतू घेतलाय आणि त्याला तसाच अंगरखा शिवायला शिकवलंय. पहारेकरी त्याला रोज बघतील, ओळखायला शिकतील."

"मग खरा चोर आला की दारातच धरतील."

"बरोब्बर."

"पण एवढासा जीव अंगरखा शिवतो कसा गं?" बुवांना गोष्टीचा वास आला की ते पुढे सरकून बसत.

ऋजुताने पोह्यांची ताटली पुढे ओढली. जंतूच्या पेशीभोवती तेलाचं पातळ आवरण असतं, ती म्हणाली. साखर तयार होते आत, अंगरखा घालायचा असतो बाहेर, आणि साखरेला तेलातून पलीकडे जाता येत नाही. म्हणून त्या आवरणात हमाल ठेवलेले असतात. हा हमाल स्वतः तेलकट, पंचावन्न कर्बकणांची लांब शेपटी असलेला. आतल्या बाजूला साखरेचे तीन-चार खडे त्याच्या डोक्यावर रचले जातात. मग एक फिरतं दार त्याला ओझ्यासकट उलटं करून बाहेरच्या बाजूला नेतं. बाहेर त्याचं ओझं उतरवून घेतात, एका ओझ्याला दुसरं जोडत माळ करतात, आणि ती माळ म्हणजे अंगरखा. हमाल रिकामा होऊन परत आत येतो, पुढचं ओझं घेतो.

"आणि गंमत म्हणजे हमाल मोजकेच. पेशीची भिंत बांधायला तेच, अंगरखा शिवायलाही तेच. ते अडकले तर सगळं काम ठप्प."

"आणि अंगरख्यात त्या हमालाचं काय राहतं?"

"काहीच नाही. तो फक्त नेतो."

बुवांनी डोळे मिटले. "नारायण, नारायण! पुढचे चार पूर्वरंग झाले माझे."

पण घसा कशाला? कारण हा जंतू बोलण्यातून, त्याहून जास्त गाण्यातून पसरत होता. बंद सभागृहात दोन तास मोकळ्या गळ्याने गाणारा माणूस समोरच्या शंभर जणांना न टोचता लस देऊ शकत होता.

"भाषण करणारे घेऊन बघितले आम्ही," ऋजुता म्हणाली. "पण समोर कोणी बसेना."

बुवांनी अर्ज भरून घशात त्या जंतूंचा फवारा मारून घेतला. अर्जात एक प्रश्न होता: तोंडासाठी किंवा घशासाठी कोणतं औषध घेता का? बुवांनी ठळक अक्षरांत लिहिलं, नाही.

ते खोटं बोलले नव्हते. कीर्तनाच्या गादीवर उभं राहण्याआधी दार लावून, मौन धरून, एका मुळीच्या काढ्याने गुळण्या करायच्या, हा त्यांच्या गुरूंचा नियम. ज्या तोंडाने हरिनाम घ्यायचं ते आधी स्वच्छ करायचं. त्या मुळीची वेल परसात होती, तिचं नाव कोणाला सांगायचं नाही ही आज्ञा होती. आता सांगा, गुरूंच्या प्रसादाला औषध कोण म्हणेल?

श्रावण लागला आणि देवळाच्या दारावर सरकारी पाटी आली: 'येथील कीर्तनातून छातीच्या तापाची लस मिळते. लस नको असलेल्यांनी आत बसू नये.' पहिल्या गुरुवारी साठ माणसं आली. तिसऱ्या गुरुवारी तीनशे, बाहेर चपलांचा ढीग आणि आत पहिल्या रांगेसाठी धक्काबुक्की.

"आमची म्हातारी आजारी असते हो, तिला पुढे घ्या!"

"तुमची म्हातारी काल बाजारात कोहळा उचलत होती!"

बुवा हरखले. इतक्या वर्षांनी भरलेला मंडप! पण दुसऱ्याच अभंगाला पहिल्या रांगेतून चिठ्ठी आली. बुवांना वाटलं, फर्माईश असेल. उघडली तर आत लिहिलेलं, 'कृपया इकडे तोंड करून गावे. आपण सारखे उजवीकडे बघता.' एक गृहस्थ तर मध्येच उठून म्हणाले, "बुवा, प्रल्हादाचं आख्यान लावा ना. त्यात जोर फार लागतो."

त्याहून वाईट पुढेच होतं. केंद्राच्या पत्रकात छापलं होतं की चाळीस मिनिटं बसलं तरी पुरे. बुवांचा पूर्वरंग बरोबर पन्नास मिनिटांचा. हार-बुक्का झाला की मंडप उठायचा. पाच मिनिटांत तीनशेचे नऊ उरायचे, आणि बुवांनी जीव ओतून बसवलेलं आख्यान त्या नऊ जणांना ऐकवायचं. त्यांतही गिरणकाकी होत्याच, डाव्या खांबाशी, त्यांच्या त्यांच्या सुरात.

"लोक माझी थुंकी घ्यायला येतात, वसंता."

"पूर्वी तीही घ्यायला येत नव्हते," वसंत म्हणाला. त्याचं सांत्वन हे असंच असायचं.

मनात खुपलं की माणूस कोणावर तरी राग काढतो. बुवांनी काढला काकींवर. कार्तिकातल्या एका गुरुवारी पूर्वरंगातला अभंग ऐन रंगात असताना काकींनी अशी काही तान घेतली की पहिली रांग हसली. बुवा थांबले आणि सर्वांदेखत म्हणाले, "काकी, इतकी माणसं आपल्या जिवासाठी इथे बसलीत. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचू द्याल का? पुढच्या वेळेपासून ओसरीवर बसत चला."

काकींना अर्धंच ऐकू आलं, पण समजलं पूर्ण. त्यांनी पेला उचलला, नमस्कार केला आणि गेल्या. पुढच्या गुरुवारी त्या ओसरीवरही नव्हत्या. दूध तेवढं शेजारणीबरोबर आलं, नेहमीसारखं कोमट. बुवांना ते दूध गिळवेना. त्यांनी पेला भरलेलाच परत पाठवला.

मार्गशीर्षात राजापुरात ताप आला. आठवड्यात नऊ माणसं दवाखान्यात. दत्तजयंतीला लांज्यात सारा तालुका लोटणार होता, आणि गाव निर्धास्त होतं. का? तर आपण बुवांचं कीर्तन ऐकलंय.

बुधवारी सकाळी ऋजुता कामावर निघण्याऐवजी बुवांसमोर येऊन बसली. चेहरा उतरलेला.

"बाबा, आजवर आम्ही तुमच्या घशात जंतू आहे का एवढंच तपासत होतो. तो आहे, भरपूर आहे. काल गुरुवारच्या नमुन्याला पहिल्यांदा अंगरख्याचा रंग लावून बघितला."

"मग?"

"उघडे आहेत सगळे. एकाच्याही अंगावर अंगरखा नाही."

बुवा क्षणभर गोंधळले. "म्हणजे चार महिने मी लोकांना..."

"उघडे जंतू वाटलेत. हवेतून जातात चार-दोन, आणि उघडे असले की नव्या घशात टिकत नाहीत. त्यातून कोणी काही शिकत नाही. बाबा, खरं सांगा, तुम्ही घशाला काय लावता?"

मुलीपुढे बुवांची मान खाली गेली. तीस वर्षं पाळलेली आज्ञा होती. पण राजापूर लांज्याहून फार लांब नव्हतं. ते उठले, परसात गेले, मुळी उपटून आणली आणि तिच्या हातावर ठेवून म्हणाले, "गुरूंना मी विचारीन वर गेल्यावर. तू बघ."

दुपारपर्यंत तिने केंद्रातून कळवलं. मुळीतलं काहीतरी त्या तेलकट हमालांना बाहेरच्या बाजूला धरून ठेवत होतं, रिकामे झाले तरी परत येऊ देत नव्हतं. बरेच हमाल अडकले की जंतू शहाणपण करतो: उरलेले भिंतीच्या कामाला लावतो आणि अंगरखा सोडून देतो. जीव वाचतो, कपडे जातात.

"तोंड शुद्ध करून उभा राहायचो गं मी," बुवा फोनवर म्हणाले. "पण गावाचं काय? गेल्या आठवड्यात तुम्ही लोकांची रक्तं तपासायला घेतलीत ना, कोण कुठे बसतं ते लिहून?"

"त्याचा निकाल उद्या संध्याकाळी. बाबा, आशा धरू नका."

गुरुवारी बुवा गुळण्या न करताच देवळात गेले. वसंताला सगळं सांगितलं, तशी त्याने पेटीचा भाता सोडला.

"आज हे गादीवरून बोललात तर पुढच्या गुरुवारपासून पुन्हा सात."

"सहा," बुवा म्हणाले. "काकींना मीच घालवलंय."

मंडप खच्चून भरला होता. बुवांनी नमन केलं, झांज खाली ठेवली आणि अंगरख्याचं, हमालांचं, मुळीचं, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "तुम्ही विश्वासाने बसलात, आणि माझ्याकडून काही मिळालं नाही. राजापुरात ताप आहे. उद्या सकाळी दवाखान्यात जा, सुईची लस घ्या. उद्याच जा. मला क्षमा करा."

आणि जो कोलाहल उठला तो विचारू नका.

"चार महिने मांडी मोडून बसलो आम्ही!"

"मी तर पूर्वरंग पाठ केला हो, उगाच!"

त्या गोंधळातून ऋजुता वाट काढत पुढे आली. हातात कागद, श्वास लागलेला. "थांबा, थांबा जरा! रक्ताचे निकाल आलेत." तिने कागद उलगडला. मंडपाचा नकाशा होता तो, जो माणूस जिथे बसायचा तिथे एक ठिपका. संरक्षण आलेल्याचा हिरवा, न आलेल्याचा लाल. "निम्म्याहून जास्त गावाला संरक्षण आलंय. पण मला कळत नाही काही. गादीसमोर लालच लाल आहे. हिरवे सगळे इथे दाटलेत, आणि दूर जातील तसे विरळ होतात." तिचं बोट नकाशावर टेकलं होतं. "या डाव्या खांबाशी कोण बसतं?"

तीनशे माणसांनी खांबाकडे पाहिलं. तिथे आता एक हॉटेलवाले बसले होते. ते घाबरून म्हणाले, "मी आजच आलोय."

आणि मग सगळा मंडप एका सुरात म्हणाला, "गिरणकाकी!"

मंडपाचा एक सूर लागला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

बुवा गादीवरून उतरले. गळ्यात उपरणं, डोक्यावर फेटा, तसेच बाजारपेठेतून चालत निघाले. मागे मुलगी, वसंत, आणि मागे सगळे श्रोते. काकी बंद गिरणीच्या पायरीवर वाती वळत बसल्या होत्या. एवढी माणसं बघून त्यांना वाटलं, कुठे आग लागली.

"काकी, आ करा," ऋजुता म्हणाली.

"काय?"

"आ!" तीनशे माणसं ओरडली.

काकींनी तोंड उघडलं. ऋजुताने घशातून काडी फिरवली, बाटलीतल्या थेंबात बुडवली. काडी निळी झाली, गोकर्णाच्या फुलासारखी.

"अंगरखेच अंगरखे!" ऋजुता हसायला लागली. "काकी, तुम्हाला हे मिळालं कुठून? फवारा तर फक्त बाबांना दिला होता."

काकींनी पदर सावरला. गुन्हा सापडल्यासारखा चेहरा झाला. "बुवांचं उरलेलं दूध मी पिते," त्या एरवीच्या मानाने अगदी हळू म्हणाल्या. म्हणजे ते चौकापर्यंतच ऐकू गेलं. "टाकायचं कसं? नाम घेतलेल्या तोंडाचं आहे. उष्टं नव्हे हो ते, प्रसाद आहे."

ऋजुताने कपाळावर हात मारला. बुवांचे जंतू दुधातून काकींकडे गेले होते, उघडेच; हवेतल्यासारखे चार-दोन नव्हे, घोटाघोटाने, म्हणून टिकले. पण काकी कसल्या मुळीच्या गुळण्या करतात? त्यांच्या घशात हमाल मोकळे झाले, साखर पलीकडे जाऊ लागली, अंगरखे शिवले गेले. आणि मग चाळीस वर्षं गिरणीवर कमावलेल्या आवाजाने काकींनी ते मंडपभर वाटले.

बुवा पायरीवर, काकींच्या एक पायरी खाली, टेकले.

"काकी, मी गेले चार महिने गादीवरून हमालाचा दृष्टांत देतोय. तो फक्त नेतो, त्याचं काही राहत नाही, म्हणून सांगतोय. सांगताना माझ्या मनात आलं नाही की तो मी आहे. मी तुमच्यापर्यंत ओझं आणलं. शिवलं तुम्ही." त्यांनी हात जोडले. "चुकलो मी. परत चला. अजून जवळजवळ निम्मं गाव लाल आहे."

"मला सूर नाही हो बुवा."

"सूर माझ्याकडे होता चार महिने. अंगरखा नव्हता."

काकींनी वात वळून पुरी केली. मग म्हणाल्या, "येते. पण माझी एक अट आहे."

"सांगा."

"मध्यंतराला हे लोक उठून जातात, ते मला बघवत नाही. तुम्ही एवढं आख्यान सांगता नि समोर नुसत्या सतरंज्या. मी पूर्वरंगात तोंड उघडणार नाही. गाईन ती उत्तररंगात. ज्याला लस हवी त्याने शेवटच्या आरतीपर्यंत बसावं."

वसंत गुरवाने तिथेच बाजारात काकींना दंडवत घातला.

पुढच्या गुरुवारी काकी बुवांच्या मागे साथीला उभ्या राहिल्या. वसंताने विचारलं, "पट्टी कुठली धरू?" बुवा म्हणाले, "त्यांची शोध, आपण तिकडे जाऊ." वसंत म्हणाला, "त्यांची चालती आहे." मग तीही चालली नि बुवाही तिच्यामागे चालले. मध्यंतर झालं, दुधाचा पेला आला. बुवांनी अर्धा प्यायला आणि उरलेला स्वतःच्या हाताने काकींना दिला. मंडपातला एक माणूस उठला नाही. बुवांनी आख्यान लावलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तीनशे माणसं प्रल्हादाच्या काळजीने पुढे झुकली. सुरुवातीला अंगरख्यासाठी झुकली असतील. खांब फुटला तेव्हा मात्र कशासाठी आलो होतो हे कोणाच्या लक्षात नव्हतं. डोळे पुसायला सगळ्यांनाच पदर नि पंचे लागले.

दत्तजयंतीपर्यंत रोज कीर्तन झालं, आणि ज्यांचा नंबर लागेना त्यांनी सुई घेतली. ताप पौषात आला. देवाची कृपा, लांज्याच्या वेशीपाशी दोन-चार घरं चाळवून पुढे गेला.

आता काकी नाहीत. ब्याऐंशीव्या वर्षी झोपेत गेल्या. तो अंगरखा घालणारा जंतू आज देशभर घशाघशांत आहे, आणि शास्त्राच्या कागदांत त्याच्यापुढे बुवांचं नाव छापलेलं आहे. काकींचं नाव घाला म्हणून ऋजुताने दोनदा पत्रं लिहिली, पण कागदात दुधाच्या पेल्यासाठी रकाना नाही म्हणतात.

तर माझं मागणं एवढंच. उद्या तुम्ही कुठे कीर्तनाला बसाल, आणि खांबाशी कोणी म्हातारी सगळ्यांच्या वर, भलत्याच सुरात, मनापासून गात असेल, तर मान वळवून डोळे वटारू नका. जरा तिच्याजवळ सरकून बसा. आणि लांज्याच्या आनंदीबाई रेडीज गिरणवाल्यांची एकदा आठवण काढा.